तांबे-मॉलिब्डेनमचा डोंगर: बेळगाव-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खणताना किंवा घाटातला रस्ता रुंद करताना हिरवट नाहीतर पितळी चमकेचा दगड निघाला, की कुणीतरी तो पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन येतं. जांबोटीहून येतात, कणकुंबीहून येतात, तिकडे निपाणी-चिकोडीकडूनही येतात. भूशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे येणाऱ्याला चहा आणि दगडाला भिंग हे ठरलेलंच. अलीकडे मोबाईलवर परदेशातल्या तांबे-मॉलिब्डेनमच्या (मॉलिब्डेनम म्हणजे पोलादाला ताकद देणारा धातू) प्रचंड खाणींची चित्रं फिरू लागल्यापासून प्रश्न वाढलेत, आणि ते बहुतेक सारखेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

सर, आमच्या डोंगरात तांबं आहे का?

ज्या प्रकारच्या साठ्याबद्दल तुम्ही वाचलंत, त्या प्रकारचं नाही. कारण डोंगराच्या जन्मातच आहे.

तांबे-मॉलिब्डेनमचे मोठे साठे जगात जिथे सापडतात ते डोंगर दोन भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, रेट्यातून उभे राहिलेले असतात. दक्षिण अमेरिकेतली अँडीज पर्वतरांग हे त्याचं ठळक उदाहरण. समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो, सोबत पाणी नेतो, त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक वितळतो आणि शिलारस वर चढतो. आपला सह्याद्री तसा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरांवर थर साचले. कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याला उभं राहिलं की पायाखाली एकदम कोकण दिसतं, तो खरं तर पठाराचा तुटलेला आणि झिजलेला काठ आहे. खालून पाहिलं तर डोंगर वाटतो. वरून पाहिलं तर आपण सपाटीवरच उभे असतो.

बेळगाव जिल्हा लाव्ह्याच्या या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, दक्षिण टोकाला येतो. पूर्वेकडे गेलात की काळा पाषाण संपतो आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो कलादगी नावाच्या जुन्या खडकगटाचा क्वार्ट्झाइट (वाळूच्या खडकाचा घट्ट, कठीण प्रकार) आहे, काळा पाषाण नव्हे. त्याहून जुने धारवाडी खडक. कर्नाटकात तांबं निघालं ते या धारवाडी पट्ट्यांत, चित्रदुर्गजवळच्या इंगळदाळला. पण तो साठा वेगळ्या जातीचा आणि आकाराने लहान.

मग विहिरीत निघालेला हा हिरवा दगड?

दहापैकी नऊ वेळा तो सेलाडोनाइट असतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि नंतर त्या पोकळ्यांत हिरवी, मऊ, साबणासारखी लागणारी माती भरते. तिचा हिरवा रंग लोखंडामुळे येतो, तिच्यात तांबं नसतं. सोबत पांढरे झिओलाइटचे किंवा कॅल्साइटचे खडे दिसले तर शंकाच नको.

तांब्याचा हिरवा म्हणजे मॅलाकाइट. तो पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसतो. पण कॅल्साइटही फसफसतं, इथेच बरेच जण फसतात. खरी परीक्षा पुढे आहे: त्या द्रावात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा काही वेळ बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांबूस पूट चढतं. हे घरी करू नका, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करा.

पितळी चमकेचं म्हणाल, तर ओढ्याच्या वाळूत चमकतो तो बहुधा झिजलेला अभ्रक. घन आकाराचा, चाकूने ओरखडा न उठणारा असेल तर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. तांब्याचा कॅल्कोपायराइट चाकूने ओरखडला जातो आणि त्याचा पिवळा रंग जास्त गडद असतो.

‘पॉर्फिरी’ हा शब्द सारखा येतो. तो काय आहे?

बारीक कणांच्या खडकात मोठे ठळक स्फटिक रुतलेले असतील तर त्या पोताला पॉर्फिरी म्हणतात. शिलारस आधी खोलवर सावकाश थंड होतो तेव्हा मोठे स्फटिक वाढतात, मग तो झटकन वर येतो आणि उरलेलं सगळं घाईने गोठतं. असल्या खडकांच्या अंगाखांद्यावर जे तांबं साचतं त्याला पॉर्फिरी साठा हे नाव पडलं. जगात आज निघणाऱ्या तांब्यातलं निम्म्याहून जास्त आणि मॉलिब्डेनमचा मोठा वाटा अशा साठ्यांतून येतो.

एवढं तांबं एका जागी गोळा होतं कसं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आपल्याकडे कुंदा करताना दूध आटवतात. पाणी उडून जातं आणि दुधातला ऐवज उरतो. शिलारसात उलट घडतं. तो थंड होताना घन स्फटिक बाजूला पडत जातात आणि पाणी मागे उरतं. उरलेल्या रसात पाण्याचं प्रमाण वाढत राहतं. जमिनीखाली एक ते पाच किलोमीटर खोलीवर अशी वेळ येते की रसात ते पाणी मावत नाही. ते खारट, अतितप्त द्रव होऊन वेगळं सुटतं आणि जाताना तांबं, मॉलिब्डेनम, गंधक, कधी सोनं बरोबर घेऊन जातं.

या द्रवाचा दाब प्रचंड. वरचा खडक फुटतो, पण एका मोठ्या भेगेने नव्हे, हजारो बारीक भेगांनी. मे महिन्यात खानापूरकडच्या भातशेतात चिखल वाळून जशी जाळी पडते ती आठवा. तशीच जाळी उभी, आडवी, तिरपी, डोंगराच्या पोटात शेकडो मीटर पसरलेली. द्रव त्यातून वर चढतो, थंड होतो, आणि भेगांच्या भिंतींना क्वार्ट्झ व धातूंची गंधकी खनिजं चिकटत जातात. भेगा बुजल्या की पुन्हा दाब वाढतो, पुन्हा खडक फुटतो. हातात घेतलेल्या एका दगडात एकमेकींना छेदणाऱ्या चार-पाच पिढ्यांच्या शिरा मोजता येतात. कोणती शीर कोणत्या शिरेला कापते ते पाहून आधीची-नंतरची ठरवायची. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी इतकी वर्षं शिकवत राहिलो.

भेगांच्या आजूबाजूचा खडकही जसाच्या तसा राहत नाही. आतल्या गाभ्यात पोटॅशियमची खनिजं वाढतात, म्हणजे गुलाबी फेल्डस्पार आणि तपकिरी अभ्रक. त्याबाहेर सेरिसाइट (बारीक पांढरा अभ्रक), क्वार्ट्झ आणि पायराइटचं कवच, फिकट पांढरं, हाताला रेशमी. कुठे कुठे वरच्या अंगाला पांढरी चिकणमाती. सगळ्यात बाहेर क्लोराइट आणि एपिडोटचा हिरवट पट्टा, जो काही किलोमीटर पसरू शकतो. भूशास्त्रज्ञ डोंगर चढताना तांबं शोधत नसतो, तो या कवचांपैकी आपण कोणत्या कवचात आहोत ते शोधत असतो.

आणि वरचा लाल दगड? तो तर आपल्या जांभ्यासारखा दिसतो.

दिसतो, आणि नातंही आहे. जांभा पावसाने घडवला: पाण्याने खडकातली सिलिका वाहून नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्यातूनच आपल्याकडचं बॉक्साइट झालं. तांब्याच्या डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा पायराइट कुजून आम्ल तयार होतं. ते आम्ल वरच्या भागातलं तांबं विरघळवून खाली नेतं आणि भूजलाच्या पातळीजवळ पुन्हा साचवतं. वर उरतो लाल-तपकिरी, पोकळ पोकळ खडक आणि त्याच्याखाली मूळच्यापेक्षा दोन-तीन पट समृद्ध थर. चिलीतल्या बऱ्याच खाणींचा आरंभीचा नफा या थरातून आला. म्हणून तिकडे लाल टोपी दिसली की माणूस थबकतो. आपल्याकडची लाल टोपी काळ्या पाषाणावर घडलेली आहे, तिच्याखाली तसा थर शोधून उपयोग नाही.

मॉलिब्डेनम म्हणजे नक्की काय? आपला त्याच्याशी काय संबंध?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला हा प्रश्न पडू नये. तिथल्या फाउंड्रीत मिश्रधातूचं कास्टिंग करताना फेरो-मॉलिब्डेनम टाकतात. थोड्याशा मात्रेने पोलाद जास्त ताकदीचं होतं आणि तापल्यावरही ढिलं पडत नाही. गॅरेजमधल्या काळ्या ‘मॉली ग्रीस’मध्ये मॉलिब्डेनाइटच असतं, म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधकाचं खनिज. ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यात टिकतं. या धातूचा वितळबिंदू २६२३ अंश सेल्सिअस आहे.

मॉलिब्डेनाइट दिसतं शिशाच्या रंगाचं, लागतं तुळतुळीत, आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखं उमटतं. शतकानुशतकं लोक त्याला ग्रॅफाइटच समजत होते. १७७८ मध्ये स्वीडनच्या शील याने हे वेगळं खनिज असल्याचं दाखवलं, आणि १७८१ मध्ये येल्म याने धातू वेगळा केला.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट: सोयाबीन, भुईमूग, मूग यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, त्या कामाला मॉलिब्डेनम लागतंच. आम्लधर्मी लाल मातीत ते पिकाला कमी मिळतं.

अर्ध्या टक्क्यासाठी अख्खा डोंगर फोडतात, हे खरं का?

खरं आहे. अशा साठ्यात तांबं साधारण ०.३ ते १ टक्का आणि मॉलिब्डेनम शेकड्यात दोन-चार शतांश असतं. हिशेब करू. ०.५ टक्के तांब्याच्या एक टन खडकात ५ किलो तांबं. ०.०२ टक्के मॉलिब्डेनम म्हणजे २०० ग्रॅम. दळताना, वेगळं करताना त्यातलं काही निसटतं. म्हणजे आजीच्या काळातला एक जाड तांब्याचा हंडा व्हायला टनभर खडक फोडून पिठासारखा दळावा लागतो.

तरी परवडतं, कारण साठा अवाढव्य असतो आणि खनिज सर्वत्र सारखं पसरलेलं असतं. अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यनला १९०६ पासून उघडी खाण चालू आहे. आज ती १.२ किलोमीटर खोल आणि सुमारे ४ किलोमीटर रुंद आहे. तिथे पूर्वी डोंगर होता.

असा साठा शोधतात कसा? उपग्रहावरून दिसतो का?

उपग्रहावरून तांबं दिसत नाही. सेरिसाइट आणि चिकणमातीची खनिजं अवरक्त किरणांत ओळखता येतात, त्यावरून कवचाचा अंदाज येतो, तोही झाडी नसलेल्या उजाड डोंगरावर. आपल्यासारख्या दाट रानात ते चालत नाही.

पुढचं काम पायांचं. आधी ओढ्यांचा गाळ. ओढा आपल्या पाणलोटातल्या सगळ्या खडकांची चव घेऊन खाली येतो, म्हणून संगमापाशी मूठभर बारीक गाळ चाळून तपासला की वरच्या दोन खोऱ्यांपैकी कुठे जायचं ते कळतं. मग त्या खोऱ्यात चौकटी आखून मातीचे नमुने. मग नकाशा: प्रत्येक उघड्या खडकापाशी थांबायचं, हातोडीने ताजा तुकडा काढायचा, शिरांची दिशा आणि दाटी मोजायची. त्यानंतर भूभौतिक मोजणी. जमिनीत वीज सोडून ती बंद केल्यावर खडकात किती वेळ रेंगाळते हे पाहतात. विखुरलेली गंधकी खनिजं असतील तर ती रेंगाळते. पण पायराइटही असंच वागतं, म्हणून मोजणीच्या नकाशावरचा लाल डाग म्हणजे तांबं असा अर्थ होत नाही. सगळ्यात शेवटी ड्रिलिंग.

या विचाराची ताकद दाखवणारी एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचो. अॅरिझोनात सॅन मॅन्युएल नावाचा साठा होता. डेव्हिड लॉवेल या भूशास्त्रज्ञाने त्याची कवचं बारकाईने तपासली तेव्हा त्याला दिसलं की ती एकाच बाजूला आहेत. कांदा अर्धा कापलेला असावा तशी. साठा कलंडलेला होता आणि एका भ्रंशाने, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात त्या भेगेने, त्याचा तुकडा सरकून गेला होता. उरलेला अर्धा कुठे गेला असेल हे त्याने भ्रंशाच्या दिशेवरून ताडलं, खोल भोकं मारली, आणि १९६० च्या दशकात कॅलॅमझू साठा सापडला. जमिनीवर त्याची कसलीच खूण नव्हती. गिल्बर्ट या दुसऱ्या भूशास्त्रज्ञाबरोबर त्याने १९७० मध्ये मांडलेला कवचांचा नमुना आजही जगभर शिकवला जातो.

एक खोल बोअर मारून निकाल का लागत नाही?

पाण्याच्या बोअरसारखं हे काम नाही. पाण्याचा बोअर दगडाचा चुरा करतो, इथे हिऱ्याच्या कण्यांच्या दात्याने दगडाची अखंड कांडी बाहेर काढतात. कांड्या पेट्यांत ओळीने, खोली लिहून ठेवायच्या. मग कांडी करवतीने उभी अर्धी कापायची. अर्धी प्रयोगशाळेत, अर्धी पेटीतच. नमुन्यांच्या मध्ये तांबं मुळीच नसलेले आणि तांबं किती हे आधीच माहीत असलेले तुकडे गुपचूप मिसळतात, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते.

अर्धी कांडी जपण्याचं महत्त्व १९९७ मध्ये जगाला कळलं. इंडोनेशियातल्या बुसांगला सोन्याचा महासाठा असल्याचा बोलबाला झाला होता. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं उघड झालं. तिथे कांड्या अर्ध्या न ठेवता सगळ्या चुरून टाकल्या होत्या, त्यामुळे ताडून पाहायला काहीच मागे नव्हतं.

एका भोकाला समृद्ध शीर लागली तर तो योगही असू शकतो. ठराविक अंतरावर अनेक भोकं मारून, त्यांच्यामधला खडक कसा असेल याचं गणित मांडून साठा ठरतो. भारतात त्याचे टप्पे आहेत: जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, मग जी-३, जी-२ आणि जी-१ म्हणजे सविस्तर शोध. बातमीत ‘साठा सापडला’ असं वाचलं की आधी टप्पा कोणता ते पाहा. जी-४ आणि खाण यांच्यात अनेक वर्षांचं अंतर असतं, आणि बरेच प्रकल्प तिथवर पोचतच नाहीत.

भारतात कुठे आहे का असा साठा?

गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला. हा देशातला सगळ्यात मोठा तांब्याचा साठा. हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण तिथे १९८२ पासून चालली, आता काम जमिनीखाली चाललं आहे. तांब्याबरोबर मॉलिब्डेनाइटही आहे. त्यातल्या रेनियम-ऑस्मियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून खनिजाचं वय काढता येतं, आणि ते सुमारे २४९ कोटी वर्षं निघालं. अँडीजमधले मोठे साठे बहुतेक काही कोटी वर्षांच्या आतले असतात, कारण असे साठे उथळ जागी होतात आणि उंचावणाऱ्या डोंगराबरोबर लवकर झिजून जातात. मलाजखंड इतकं जुनं असूनही कसं टिकलं आणि ते खरोखर पॉर्फिरी जातीचं आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तिथलं खनिज मोठ्या क्वार्ट्झच्या पट्ट्यात आहे, नेहमीच्या जाळीत नाही. माझं मत पॉर्फिरीशी नातं सांगणाऱ्यांच्या बाजूला झुकतं.

निव्वळ मॉलिब्डेनमसाठी तमिळनाडूतल्या हरूर-उत्तंगराई पट्ट्यात शोध झाला आहे.

काळ्या पाषाणाच्या खाली काही दडलं असेल तर?

खाली जुने खडक आहेत, आणि त्यांत लहानसहान गंधकी खनिजं असू शकतात. पण लाव्ह्याच्या थरांमुळे ओढ्याचा गाळ आणि माती या दोन्ही स्वस्त पद्धती निकामी होतात. उरतात भूभौतिक मोजणी आणि खोल ड्रिलिंग, आणि त्यासाठी आधी सबळ कारण हवं.

कुणी येऊन म्हणतं, ‘तुमच्या जमिनीत तांबं आहे, ॲडव्हान्स द्या’. काय करू?

एक पैसाही देऊ नका. २०१५ पासून खाणपट्टे लिलावाने दिले जातात, आणि लिलाव सरकार करतं. आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) उतारा, आधार, सही केलेला कोरा कागद कुणाच्या हाती देऊ नका. सरकारी सर्वेक्षणाचे लोक ओळखपत्र दाखवतात आणि जमीनमालकाकडून फी घेत नाहीत. शंका असेल तर जिल्ह्याच्या खाण व भूविज्ञान खात्यात जाऊन विचारा.

याच्याच जोडीला ‘राइस पुलर’ नावाची फसवणूक आपल्या भागात आणि साऱ्या दक्षिणेत फिरते: जुनं तांब्याचं भांडं तांदूळ ओढतं, त्यात दैवी धातू आहे, कोटींना विकलं जातं. तांब्याला चुंबकत्व नसतं आणि तांदळालाही नसतं. अशा भांड्यासाठी शेत गहाण टाकलेलं घर मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे कळकळीने लिहितो. कुणी गळ घातली तर सरळ पोलिसांत जा.

समजा कुठे खाण आलीच, तर पाण्याचं काय?

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईही खानापूर तालुक्यातच. भीमगड अभयारण्य इथेच. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी विकासविरोधी म्हणू नये.

गंधकी खनिजं असलेला खडक उघड्यावर टाकला की पाऊस आणि हवा मिळून त्यातून आम्ल तयार होतं. चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ नाही. आपल्या घाटमाथ्यावर तो किती कोसळतो हे वेगळं सांगायला नको. दुसरं, दळलेल्या खडकातला ९८ टक्क्यांहून अधिक भाग गाळ म्हणून उरतो आणि तो धरणासारख्या बांधामागे कायम साठवावा लागतो. तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त गेलं तर गाईगुरांच्या अंगी तांबं लागत नाही, ती हगवणीने खंगतात आणि केसांचा रंग उडतो.

नीट लक्ष ठेवलं तर काय साधतं हेही सांगायला हवं. १० एप्रिल २०१३ रोजी बिंगहॅम कॅन्यनची एक बाजू कोसळली, कोट्यवधी टन दगड खाली आला. कड्याची हालचाल उपकरणांनी आधीच टिपली होती, माणसं बाहेर काढली होती. एकाही माणसाला इजा झाली नाही.

मुलीला भूशास्त्र शिकायचं आहे. पुढे काही आहे का?

आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत तांबं आणि मॉलिब्डेनम दोन्ही आहेत, त्यामुळे शोधाचं काम वाढणार. बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्या, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी. होते. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या परीक्षेतून जाता येतं. त्यांच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर नकाशे पाहायला मिळतात, आजपासूनच तिला आपल्या तालुक्याचा नकाशा उघडून द्या. मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही कानावर पडलेल्या मुलांना गावोगाव फिरून काम करताना त्याचा फार उपयोग होतो.

दगड दाखवायला आणायचा असेल तर कसा आणू?

धुऊन, घासून, तेल लावून आणू नका. वरचं कुजलेलं पूट हीच अर्धी माहिती असते. मुठीएवढे दोन तुकडे घ्या, एक बाहेरचा आणि एक हातोडीने फोडलेला ताजा. वेगवेगळ्या कागदांत गुंडाळा. वर गाव, जागा आणि खोली लिहा: विहीर असेल तर किती फुटांवर, ओढा असेल तर कोणत्या वळणाला. जागेवर सुटा पडलेला होता की खडकातून काढला, हे नक्की लिहा. सुटा असेल तर तो कुठून तरी वाहत किंवा ट्रकमधून आलेला असू शकतो, आणि मग मला आधी तो रस्ता शोधावा लागतो.